विहीर मोकळी झाली, पाणी कोठे गेले?

माण तालुक्यातील एका गावची वृद्ध बौद्ध स्त्री मागील उन्हाळ्यात आमच्याकडे सल्ल्यासाठी आली होती. हाती कागद नव्हता, वाद नव्हता, कोणावर फिर्याद करावयाची नव्हती. तिला एक प्रश्न विचारावयाचा होता. ती म्हणाली, "जयभीम साहेब. गावची हीर आता समद्यांस्नी मोकळी हाय. कुनी आडवत न्हाई. पर तिच्यात पानीच न्हाई. पानी गेलं बोरात, आन् बोर हाय दुसऱ्याच्या रानात. ह्याला कंचा कायदा लागू हुतो, तेवढं सांगा." कायदा पाहून कळवितो, असे सांगून आम्ही त्या आजींना परत पाठविले. खरे सांगावयाचे तर उत्तर आम्हांस त्याच वेळी ठाऊक होते. ते त्यांच्या तोंडावर सांगण्याचे धैर्य झाले नाही. आजचा अग्रलेख हे ते राहिलेले उत्तर आहे.

वाचकांपैकी ज्यांनी माणदेश पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे भूगोलाविषयी. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकास महाबळेश्वर आहे; तेथे वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस माण तालुका आहे. तेथे पाचशे मिलिमीटर पडला तरी साल बरे गेले असे म्हणतात. सह्याद्रीने ढग अडविले, उरला तो कोरडा वारा माणकडे आला. माणगंगा कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते, दहिवडी व म्हसवडवरून आटपाडी, सांगोला, मंगळवेढा असा प्रवास करून भीमेस मिळते. आणि वर्षातील बहुतेक महिने तिच्या पात्रात वाळूखेरीज काही नसते. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात अन्नान्न झालेल्या लोकांना काम देण्यासाठी म्हसवडच्या तलावाचे काम सरकारने सुरू केले, तोच आज राजेवाडीचा तलाव म्हणून ओळखला जातो. या मुलखातील पाण्याचा इतिहास हा असा दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या व माती वाहणाऱ्या माणसांचा इतिहास आहे. त्या माणसांत आमचे लोक किती होते, हे कोणत्या दप्तरात सापडावयाचे नाही. परंतु ज्यांच्याकडे जमीन नव्हती ते सर्व त्यांत होते, एवढे गृहीत धरण्यास हरकत नाही.

अशाच एका दुष्काळी कामाशी एका मुलाच्या तहानेची कथा जोडलेली आहे. माणला लागूनच खटाव तालुका आहे. तेथे गोरेगाव या ठिकाणी दुष्काळग्रस्तांना रोजगार मिळावा म्हणून सरकारने तलाव खोदण्याचे काम काढले होते आणि त्या कामावर खजिनदार म्हणून सुभेदार रामजी आंबेडकर नेमलेले होते. १९०१ सालच्या उन्हाळी सुटीत त्यांची मुले व नातवंडे साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. पुढचा प्रवास बैलगाडीचा. मुले महारांची आहेत हे कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाड्याने एक मिळाला तो या अटीवर की, मुलांनीच गाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे. रात्री जकात नाक्यावर मुक्काम पडला. शिदोरीत अन्न भरपूर होते, पाणी मात्र नव्हते. जकात कारकुनाजवळ पाणी मागितले तेव्हा त्याने ते दिले नाही. पाण्यावाचून अन्न घशाखाली उतरेना, म्हणून ती मुले भरल्या शिदोरीशेजारी उपाशी निजली. त्यांतील नऊ-दहा वर्षांचा मुलगा म्हणजे भीमराव. बाप तहानलेल्या मुलखासाठी तलाव खोदणाऱ्यांच्या मजुरीचा हिशेब लिहीत होता आणि त्याच तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याच्या मुलांना घोटभर पाणी मिळत नव्हते. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेविली आहे आणि या अंकाच्या बहुतेक वाचकांना ती परिचित आहे. तिचा येथे उल्लेख एवढ्यासाठी की, महाडच्या तळ्याकडे जाणारी वाट याच मुलखातून निघाली, हे माणदेशच्या लोकांनी विसरू नये.

महाडचा सत्याग्रह सर्वांना माहीत आहे. त्याच्या मागचा व पुढचा कायदा मात्र फारसा कोणी वाचत नाही, आणि आजींच्या प्रश्नाचे मूळ तेथे आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्यात सार्वजनिक पैशाने बांधलेल्या अथवा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा इत्यादी अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असे होते. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी व त्यांच्यासमवेतच्या हजारो लोकांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुढे नगरपालिकेने शेपूट घातले, आपला ठराव मागे घेतला. स्पृश्यांनी तळे आपल्या खाजगी मालकीचे असल्याचे सांगून डिसेंबर १९२७ मध्ये दावा लावला व मनाई हुकूम मिळविला. हा दावा किती काळ चालला? १७ मार्च १९३७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी निर्णय दिला की, अस्पृश्यांना वगळण्याची जी अनादी रूढी वादी सांगतात ती त्यांना सिद्ध करता आली नाही. एका ओंजळीला दहा वर्षे लागली. आमच्या व्यवसायातील मंडळींनी ते निकालपत्र अवश्य वाचावे.

या सर्व प्रकरणात एक शब्द पायाभूत होता. तो शब्द म्हणजे 'सार्वजनिक'. बोले ठराव सार्वजनिक पैशावर उभा होता. तळे सार्वजनिक आहे की खाजगी यावर दावा उभा होता. १९५० च्या संविधानात तोच विचार १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात आला: पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून चालविलेल्या अथवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी समर्पित केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून आडकाठी करता येणार नाही. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने, ज्यास १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, अशी आडकाठी करणे गुन्हा ठरविला. त्यात नदी, झरा, विहीर, तलाव, हौद आणि नळ इतके सर्व पाणवठे नावानिशी आहेत. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाने आणि त्यातील २०१५ च्या दुरुस्तीने शिक्षा कठोर झाली. (या शेवटच्या कायद्याचे छत्र १९५६ नंतर बौद्ध झालेल्यांना १९९० मध्ये अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होईपर्यंत मिळाले नसते, हा एक वेगळा अन्याय, त्याविषयी येथे पुन्हा लिहीत नाही.) विंधन विहिरीलाही हे कायदे लागतात. 'कर्नाटक राज्य विरुद्ध अप्पा बाळू इंगळे' या खटल्यात गावातील नव्या विंधन विहिरीवर दलितांना धाक दाखवून पाणी भरू दिले नव्हते. उच्च न्यायालयाने सोडलेल्या आरोपींची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली पुन्हा कायम केली.

तेव्हा कायदा दुबळा नाही. परंतु तो जेथवर 'सार्वजनिक' हा शब्द पोहोचतो तेथवरच पोहोचतो. आणि गेल्या पन्नास वर्षांत माणदेशात जे घडले ते हे की, पाणी त्या शब्दाच्या कक्षेतून बाहेर पडले.

पूर्वी गावचे पाणी आडात, बारवेत, नदीच्या पात्रातील झऱ्यात आणि गावविहिरीत असे. ते वरच्या थरात होते. पोहरा व कासरा एवढेच त्याचे साधन. कोणी कोणास अडवी ते माणसे असत आणि म्हणून त्यांच्याविरुद्ध सत्याग्रह करता येई, फिर्याद करता येई. १९७२ च्या दुष्काळानंतर यंत्राने भोके पाडण्याचा काळ आला. प्रथम शे-दीडशे फूट, मग तीनशे, मग त्याही खाली. वीजपंप बसले. खालचे पाणी उपसले की वरचे सुटते, हा कोणाच्या दुष्टाव्याचा प्रश्न नव्हे, भूगर्भाचा आहे. गावविहीर चैत्रात आटू लागली, मग माघात. ज्या विहिरीच्या काठी आमच्या आजोबांना ओंजळ पसरून कोणी वरून पाणी ओतण्याची वाट पाहावी लागे, ती विहीर आज सर्वांना खुली आहे आणि तिच्या तळाशी प्लास्टिकच्या बाटल्या आहेत. पन्नास पावलांवर खाजगी रानात पंप चालू आहे.

त्या पंपाच्या मालकास विचारावे तर तो म्हणेल, माझ्या जमिनीखालचे पाणी माझे आहे. आणि कायदा त्याच्या बाजूस आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२, याच्या सातव्या कलमाखालील एका दृष्टांतात असे सांगितले आहे की, जमिनीखालचे जे पाणी निश्चित प्रवाहातून वाहत नाही ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क त्या जमिनीच्या मालकास आहे. विलायतेतील भरपूर पावसाच्या मुलखात घडलेला हा नियम इंग्रजांनी येथे आणला आणि माणसारख्या मुलखात त्याचा अर्थ असा झाला की, ज्याच्या नावे सातबारा त्याच्या नावे पाणी. सातबारा नाही त्याच्या नावे काही नाही. त्यात 'जात' हा शब्द कोठेही नाही. म्हणूनच १५ व्या अनुच्छेदाला त्यावर बोट ठेवता येत नाही. आजींना जे सांगण्याचे आम्ही टाळले ते हेच.

परंतु सातबारा कोणाच्या नावे आहे, या प्रश्नात जात आहे. आमच्या समाजाकडे जी जमीन होती ती बहुतांशी महार वतनाची. मुंबई कनिष्ठ ग्रामवतने रद्द करण्याच्या १९५८ च्या अधिनियमाने ते वतन गेले, गावकीची गुलामी गेली. हे वतन जावे म्हणून बाबासाहेबांनी आयुष्यभर लढा दिला होता आणि ते गेले हे योग्यच झाले. कब्जेहक्काची रक्कम भरून जमीन मूळ धारकांस परत मिळावयाची तरतूद होती. जेथे मिळाली तेथे ती इतक्या भाऊबंदांच्या नावे आहे की, सातबाऱ्यावर नावांची रांग लागते आणि वाट्यास गुंठे येतात. अशा सामायिक उताऱ्यावर बँक पंपासाठी कर्ज देत नाही, हा आमचा वकिलीतला नेहमीचा अनुभव आहे. ज्यांना तेवढेही नव्हते त्यांच्यासाठी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. तो लढा जमिनीचा म्हणून ओळखला जातो. माणदेशातून पाहिले तर तो पाण्याचाही होता.

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. २००४ साली सुरू झालेल्या, दादासाहेबांच्याच नावाच्या सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबास चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. म्हणजे पाण्यासह दोन एकर ही पाण्याविना चार एकरांच्या बरोबरीची, हा हिशेब सरकारी कागदावरच मांडलेला आहे. विहिरीसाठी अनुदान देणारी दुसरी योजना बाबासाहेबांच्या नावाची आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना. तिच्यात नवी विहीर हवी असेल तर अर्जदाराकडे किमान ०.४० हेक्टर जमीन असावी लागते. ज्याच्याकडे पाण्याचा काहीच आधार नाही तो तेथे दाराबाहेरच राहतो. योजना वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. ज्यांना तिचा लाभ झाला त्यांचे मळे आम्ही पाहिले आहेत. परंतु प्रत्येक योजनेची पहिली पायरी सातबारा असेल, तर वर चढणार कोण?

उपसा सिंचनाचेही तसेच. कृष्णेचे पाणी माणकडे वळावे म्हणून या भागातील लोकांनी कित्येक दशके मोर्चे काढले. कोयनेच्या धरणातून वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी विजेसाठी पश्चिमेस, म्हणजे अखेर समुद्राकडे सोडण्याची मुभा कृष्णा लवादाच्या निवाड्यात आहे आणि माणची माणसे हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, हा विरोधाभास प्रत्येक सभेत सांगितला जातो व तो खराही आहे. आता उरमोडीचे पाणी आले, जिहे-कठापूर योजनेचे पाणी आंधळीच्या तलावापर्यंत आले. याचा आम्हांस आनंद आहे. परंतु या सर्व योजनांचे 'लाभक्षेत्र' हेक्टरांत मोजले जाते. ज्या कुटुंबाकडे हेक्टर नाही ते लाभक्षेत्रात राहूनही लाभार्थी नाही. पाणलोटाच्या कामांत हे अधिक डोळ्यांत भरते. माणच्या गावांनी श्रमदानात नाव कमाविले. टाकेवाडी या गावास २०१८ साली राज्यातील पाणलोट स्पर्धेत पहिला क्रमांक मिळाला. पहाटे उठून सलग समतल चर खणणाऱ्यांत भूमिहीन माणसे, बाया, शाळेची पोरे सर्व असतात. चरात जिरलेले पाणी मात्र ज्याच्या विहिरीत उतरेल त्याचे होते. खणणाऱ्याचा त्यावर कायद्याने कसलाही हक्क नाही. श्रमदान करू नये असे आम्ही म्हणत नाही; ज्याने दान केले त्याला वाटा मागता येत नाही, एवढेच लक्षात आणून देतो.

उन्हाळ्यात तहसीलदार खाजगी विहिरी व बोअर अधिग्रहित करतात, मालकास त्याचा मोबदला देतात, तेथून टँकर भरतो. भूमिहीन वस्तीस पाणी मिळते ते हे. टंचाईच्या काळात ग्रामीण भागात टँकरने द्यावयाच्या पाण्याचा निकष माणशी, दररोज २० लिटर असा आहे. जलजीवन मोहिमेचे, जी २०१९ साली घोषित झाली व २०२४ पर्यंत पुरी व्हावयाची होती आणि जिची मुदत आता २०२८ पर्यंत वाढविली आहे, प्रमाण ५५ लिटर. मोठ्या शहरातील नळाचे प्रमाण १३५ लिटर. एकाच राज्यात एका नागरिकाची तहान दुसऱ्याच्या सातपट आहे, असे कोणत्या वैद्यकशास्त्रात लिहिले आहे? शिवाय टँकर तेथवरच जातो जेथवर रस्ता जातो, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीचा रस्ता सर्वांत शेवटी होतो, हे खेड्यात वाढलेल्या कोणासही सांगावयास नको.

ही कथा एकट्या माणची नाही. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या संयुक्त पाहणीप्रमाणे २०२४ साली जगातील सुमारे २१० कोटी लोकांना सुरक्षित पिण्याचे पाणी व सुमारे ३४० कोटी लोकांना सुरक्षित शौचव्यवस्था उपलब्ध नव्हती. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी व स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला. बाजूने १२२ राष्ट्रे, त्यांत भारत होता. विरोधात एकही नाही. ४१ राष्ट्रे तटस्थ राहिली, त्यांत अमेरिका व ब्रिटन ही होती. ठराव झाला म्हणजे पाणी आले असे नव्हे, याचा दाखला दक्षिण आफ्रिकेत मिळतो. वर्णद्वेषी राजवट गेल्यावर तेथील १९९६ च्या संविधानात पुरेशा पाण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिला गेला. आमच्या संविधानात तसे शब्द नाहीत, आमच्याकडे तो १९९१ च्या सुभाष कुमार खटल्यापासून २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कातून काढलेला आहे. तरी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोमधील फिरी या गरीब कृष्णवर्णीयांच्या वस्तीत महापालिकेने आगाऊ पैसे भरण्याचे मीटर बसविले. ठरावीक मोफत पाणी संपले की नळ आपोआप बंद. लिंडिवे माझिबुको व इतर रहिवासी न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने माणशी ५० लिटर ठरविले, अपील न्यायालयाने ४२, आणि २००९ साली तेथील संविधान न्यायालयाने महापालिकेचे माणशी २५ लिटरचे धोरण वाजवी ठरवून रहिवाशांचा दावा फेटाळला. गोऱ्यांच्या वसाहतीत बागेला किती पाणी लागते, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता. आमच्या वीस लिटरांची ही सख्खी बहीण आहे.

शौचालयांविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण पाण्यावाचून ते निव्वळ चार भिंती असतात. बारा हजार रुपयांच्या अनुदानाने घरोघरी ती बांधली गेली आणि २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त घोषित झाला. स्त्रियांची अंधाराची वाट पाहण्याची विटंबना ज्या घरी थांबली त्या घरी ती खरोखर थांबली, हे मान्य केले पाहिजे. परंतु पाच माणसांच्या घरी टँकरचे शंभर लिटर आले तर त्यांतून स्वयंपाक, पिणे, शेळी, अंघोळ आणि मग शौचालय. आणि त्या शेवटच्या बादलीसाठी वाकणारी कंबर घरातील बाईचीच. पुष्कळ ठिकाणी त्या चार भिंतींत सरपण ठेवलेले आम्ही पाहिले आहे. बाईला दोष देण्यात अर्थ नाही.

या संदर्भात आटपाडीचे सुपुत्र शंकरराव खरात यांचे स्मरण होते. ते आमच्याच व्यवसायातले, वकील. बाबासाहेबांच्या चळवळीतले, आणि 'प्रबुद्ध भारत'चे संपादक. 'तराळ-अंतराळ' या १९८१ सालच्या आत्मकथनात त्यांनी विहिरीत तरंगणाऱ्या प्रेताचा प्रसंग सांगितला आहे. त्या प्रेताची राखण करणे आणि ते बाहेर काढणे हे काम महाराच्या गळ्यात पडे. ज्या विहिरीचे पाणी शिवण्याची मनाई, तिच्या तळाशी उतरण्याची सक्ती! आज विहीर नाही, तर शहरातील मैलापाण्याची टाकी व गटाराचे भोक आहे. उतरणारी माणसे त्याच समाजांतून येतात. १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी हे काम बंद केले आहे. २० ऑक्टोबर २०२३ रोजी बलराम सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूस तीस लाख रुपये भरपाई ठरविली. भरपाई वाढली याचा अर्थ मृत्यू थांबले नव्हते असाच होतो.

मग उपाय काय, असे वाचक विचारतील. आमचे असे स्पष्ट मत आहे की, पाण्याचा हक्क जमिनीच्या तुकड्यापासून तोडून माणसाला जोडल्याशिवाय मार्ग नाही. ही कल्पना हवेतली नव्हे, आमच्याच मुलखात ती जमिनीवर उतरून दाखविली गेली आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिचे नियम असे होते: पाण्याचा वाटा घरातील माणसांच्या संख्येवर, जमिनीच्या विस्तारावर नव्हे, भूमिहीनासही वाटा, ऊस लावावयाचा नाही, आणि जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाणी विकले जाणार नाही. शेवटचा नियम आम्हां वकिलांस विशेष मोलाचा वाटतो. पुढे सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात येरळा नदीवर तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधले, तेथेही भूमिहीनांचा वाटा मान्य झाला. १९९३ साली आटपाडी येथे नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर, गणपतराव देशमुख आदींच्या पुढाकाराने दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरली आणि प्रत्येक कुटुंबास, जमीन असो वा नसो, समान पाणी ही मागणी त्या चळवळीची झाली. भूमिहीनास पाण्याचा वाटा मिळाला तर तो त्यावर खंडाने जमीन कसू शकतो, वैरण पिकवू शकतो, शेळ्या-म्हशी जगवू शकतो. आज तो दुसऱ्याच्या दारी मजुरी मागतो; उद्या जमीनवाला त्याच्याकडे पाण्याचा करार करण्यास येईल. या दोन स्थितींतील अंतर वतनी महार आणि स्वतंत्र नागरिक यांतील अंतराएवढे आहे.

न्यायालयांचा कल एकसारखा नाही. केरळातील प्लाचिमाडा येथे कोकाकोलाच्या कारखान्याने भूजल उपसले तेव्हा उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २००३ साली भूजल ही जनतेची विश्वस्त संपत्ती असल्याचे म्हटले. २००५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने जमीनमालकाचा हक्क पुन्हा वर केला. आमच्या राज्यात २००९ चा भूजल अधिनियम आहे. त्यात साठ मीटर व त्याहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताचे रक्षण १९९३ च्या कायद्यापासून, पाचशे मीटरच्या अंतराने, सांगितलेले आहे. तो किती गावांत कागदावरून खाली उतरला, ते बोअरच्या गाड्या सांगतील. मात्र एक निर्णय आम्हांस दिशादर्शक वाटतो. माणदेशातून हमाली व माथाडी कामासाठी मुंबईस गेलेली हजारो माणसे झोपड्यांत राहतात. २००० सालानंतरच्या झोपड्या अनधिकृत, म्हणून महापालिका त्यांना नळ देत नव्हती. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, झोपडी बेकायदा असली तरी तीत राहणाऱ्या माणसास पाणी नाकारता येणार नाही, ते २१ व्या अनुच्छेदात येते. अधिकृत घराच्या बरोबरीने द्या, असे न्यायालयाने म्हटले नाही. परंतु जमिनीवरील हक्क नसलेल्या माणसाला पाण्यावर हक्क आहे, एवढे त्यातून निश्चित झाले. मुंबईच्या झोपडीत जो हक्क आहे तो माणच्या वस्तीत का नसावा?

तेव्हा आमच्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत काही गोष्टी लेखी मागाव्यात. सरकारी पैशाने अनुदान मिळालेल्या विहिरीतून टंचाईत वस्तीस पाणी देण्याची अट मंजुरीच्या कागदात असावी. संविधानातील 'अंशतः राज्याच्या निधीतून' हे शब्द अशा विहिरीस लागू करून घेण्याचा दावा कोणी तरी एकदा लढविलाच पाहिजे, आणि तो लढविण्यास आम्ही तयार आहोत. उपसा योजनेच्या पाणीवापर संस्थेत भूमिहीन कुटुंबांची नावे सभासद म्हणून घालावीत. श्रमदानाच्या कामाआधीच वाट्याचा करार व्हावा. गावविहिरीपासून पाचशे मीटरच्या आत नवे बोअर पडत असेल तर त्याच दिवशी तहसीलदारांकडे हरकत द्यावी. दुसऱ्या दिवशी पाणी लागलेले असते आणि मग पेढे वाटले जातात.

माण, खटाव, आटपाडी व सांगोला येथील वाचकांनी पुढील माहिती आमच्या कार्यालयाकडे पाठवावी: आपल्या वस्तीची जुनी विहीर कोणती, ती कोणत्या साली आटली, तिच्या पाचशे मीटरच्या आत किती बोअर आहेत, त्यांतील किती सरकारी अनुदानाचे, आणि टँकर वस्तीपासून किती पावलांवर उभा राहतो. उतारे मिळाल्यास सोबत जोडावेत. त्या आजींच्या गावची माहिती आम्ही स्वतः जाऊन घेणार आहोत.